आठ देश, अकरा दिवस आणि एक शरीर

उन्हाळी सहलींचा हंगाम जवळ आला की सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एक वेगळी रांग लागते. हे लोक आजारी म्हणून आलेले नसतात. त्यांना ‘प्रवासासाठी तंदुरुस्त’ असल्याचे प्रमाणपत्र हवे असते. कुणी निवृत्त शिक्षक असतात, कुणी महापालिकेतून किंवा एसटीतून निवृत्त झालेले. मुलाने किंवा लेकीने युरोपच्या सहलीचे पैसे भरले म्हणून थोडे संकोचलेले, पण मनातून खूश असलेले आई-बाबाही असतात. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, ‘‘डॉक्टर, जाऊ ना?’’

बहुतेकांना उत्तर ‘जरूर जा’ असेच मिळते. मधुमेह, रक्तदाब, काही वर्षांपूर्वीची अँजिओप्लास्टी, दुखणारे गुडघे यांपैकी काही असले तरी ते आटोक्यात असेल, तर परदेश प्रवासाला सहसा आडकाठी नसते. पण सहलीची कार्यक्रमपत्रिका उघडली की दुसराच प्रश्न उभा राहतो. हा माणूस प्रवास करू शकेल का, याचे उत्तर वेग कळल्याशिवाय देताच येत नाही. औषधाचे नाव लिहून मात्रा न लिहिण्यासारखे ते होईल. तंदुरुस्तीच्या प्रमाणपत्रात मात्र वेगासाठी रकाना नसतो.

नेहमीचा मार्ग घेऊ. पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, कलोन, ब्लॅक फॉरेस्ट, लुझर्न, वाटेत लिख्टेनश्टाइनची राजधानी फाडुट्स, मग इन्सब्रुक, व्हेनिस, फ्लॉरेन्स, पिसा आणि रोम. मोजले तर आठ देश होतात आणि रस्त्याने अडीच हजार किलोमीटरच्या वर अंतर होते. हे अंतर दहा-अकरा दिवसांत कापायचे, त्यात विमानाचे दोन दिवसही धरलेले. जवळपास रोज नवे हॉटेल, सकाळी सहा-साडेसहाला बॅगा दाराबाहेर, रात्री नऊनंतर खोलीत. पंचविशीतला मुलगा हे हसत निभावेल. पण या सहलींत साठी-सत्तरीतले बरेच असतात आणि वेळापत्रक सगळ्यांना एकच असते.

शरीराचे घड्याळ

आपल्या मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर, पेशींचा एक छोटा पुंजका असतो. झोप, भूक, शरीराचे तापमान, अनेक संप्रेरके यांचे वेळापत्रक तो सांभाळतो. हे जैविक घड्याळ पेशींच्या पातळीवर कसे चालते, हे उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. घड्याळ नव्या जागेच्या वेळेशी जुळते, पण सावकाश. पश्चिमेकडे जाताना ते दिवसाला साधारण दीड तास सरकते, पूर्वेकडे येताना तासभरच.

आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कोलकात्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. त्या प्रवासात त्यांचे घड्याळ रोज सरासरी दहा-बारा मिनिटांनीच मागे जात होते. बोटीचे इतर हाल खूप होते, पण वेळेच्या फरकाने शरीराचा गोंधळ होण्याचे कारण नव्हते. तो त्रास जेट विमानांबरोबर आला.

उन्हाळ्यात भारत आणि पॅरिस यांच्यात साडेतीन तासांचा फरक असतो. हा फार मोठा नाही, दोन-तीन दिवसांत शरीर जुळवून घेते. अडचण होते ती पहिल्याच दिवशी सगळे उरकायच्या घाईने. जूनमध्ये पॅरिसला रात्री दहापर्यंत उजेड असतो. आयफेल टॉवरची रोषणाई पाहायची तर त्यानंतर, म्हणजे आपल्या शरीराच्या हिशेबाने मध्यरात्री दीडला. आदल्या रात्री विमानात धड झोप नाही आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जाग येतेच, कारण घरी तेव्हा सकाळ झालेली असते. पहिल्या तीन दिवसांतच झोपेची मोठी थकबाकी साचते. अमेरिकेचा पूर्व किनारा आणि युरोप एकत्र जोडणाऱ्यांना तर साडेनऊ तासांचा फरक पेलायचा असतो. त्यांनी पहिल्या मुक्कामात चार-पाच दिवस निवांत काढले तरी ते जास्त नाहीत.

रोज बदलणाऱ्या खोलीचा हिशेब वेगळा आहे. नव्या जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही, हे आपण अनुभवाने जाणतो. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये त्याचे एक कारण दाखवले. अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धगोल उजव्याइतका गाढ झोपत नाही आणि बारीकशा आवाजालाही प्रतिसाद देतो, जणू पहाऱ्यावर बसलेला असतो. दुसऱ्या मुक्कामापासून हा फरक कमी होतो. रोज हॉटेल बदलणाऱ्याच्या वाट्याला मात्र प्रत्येक रात्र ‘पहिली’च येते. प्रौढांना किमान सात तासांची झोप लागते. सात-आठ रात्री ती पाच तासांवर आली, तर रक्तदाब आणि साखर बिघडू शकते, तोल जातो, चिडचिड वाढते. दगडी पायऱ्यांवर पाय घसरून मनगट किंवा खुबा मोडायला एवढे पुरते.

बसून राहण्याचे दुखणे

चार तासांहून अधिक वेळ एका जागी बसून प्रवास केला, तर पायांच्या खोल शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालाचा निष्कर्ष आहे. घाबरू नका. निरोगी माणसाच्या बाबतीत हा धोका साधारण सहा हजारांत एक इतकाच असतो. पण त्या अहवालातल्या दोन गोष्टी सहलीला थेट लागू पडतात. हा धोका फक्त विमानाचा नाही, बस, मोटार आणि रेल्वेलाही तो आहे. आणि थोड्या दिवसांत लांबचे प्रवास एकामागून एक झाले की तो वाढतो. आठ तासांचे विमान आणि पाठोपाठ रोजचे पाच-सहा तास बस, हे नेमके तेच आहे.

पूर्वी गुठळी झालेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, कर्करोगावर उपचार घेणारे, गरोदर स्त्रिया आणि खूप वजन असलेले यांना हा धोका अधिक असतो. या यादीत एक गोष्ट आपल्याकडे सहज विसरली जाते. सहलीत अडचण नको म्हणून अनेक जणी मासिक पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणतात. या गोळ्यांनीही रक्त गोठण्याचा धोका वाढू शकतो. आधीची काही जोखीम असेल तर त्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

दुसरा छुपा त्रास पाण्याचा. बस दोन-तीन तास थांबणार नाही, स्वच्छतागृहाला पैसे पडतात, रांग लांब असते, म्हणून ज्येष्ठ मंडळी पाणी पिणेच कमी करतात. स्त्रियांना लघवीचा संसर्ग होतो, प्रोस्टेटची तक्रार असलेल्यांची लघवी तुंबते, उन्हात चक्कर येते. काही जण बसच्या दिवशी ‘लघवीची गोळी’ मनानेच बंद करतात आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पायाला सूज, चालताना धाप अशी तक्रार सुरू होते. ही गोळी बंद करू नये. तिची वेळ बदलता येईल का, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. बस लागू नये म्हणून ॲव्होमिनसारख्या गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठांनीही आधी विचारावे. त्यांनी गुंगी येते, तोल जाऊ शकतो आणि लघवीची अडचण वाढू शकते.

मधुमेहींसाठी वेगाचा अर्थ जेवणाच्या वेळा असा आहे. सकाळी सातला नाश्ता, मग तीन तास पायी फिरणे आणि दुपारचे जेवण अडीचला. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर मधल्या काळात घसरू शकते. खिशात साखर किंवा ग्लुकोज असलेच पाहिजे. इन्सुलिन नेहमी हातातल्या पिशवीत ठेवावे. विमानाच्या सामानकक्षात ते गोठून निकामी होऊ शकते. पायांची संवेदना कमी झालेल्यांनी रोज रात्री तळवे पाहावेत आणि नवे बूट सहलीत पहिल्यांदा घालू नयेत.

लेहइतकी उंची, दोन-तीन तासांत

स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राऊयोख हे बर्फाचे ठिकाण बहुतेक सहलींत असते. तिथले रेल्वे स्थानक समुद्रसपाटीपासून ३,४५४ मीटर उंचीवर आहे. म्हणजे जवळपास लेहइतके. तिथल्या हवेत श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो. लेहला विमानाने उतरल्यावर पहिले एक-दोन दिवस विश्रांती घ्यावी, हे आता आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत आहे. इथे मात्र सकाळी साधारण सहाशे मीटरवरून निघून दोन-तीन तासांत वर पोहोचायचे, बर्फात नाचायचे आणि दुपारी खाली यायचे. काही तासांच्याच मुक्कामामुळे निरोगी माणसाला विरळ हवेचा खरा आजार सहसा होत नाही. पण नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्याला, दम्याचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असणाऱ्याला, खूप रक्तक्षय असलेल्याला तिथे पायऱ्या चढताना छातीवर दाब जाणवू शकतो. त्यांनी आधी तपासून घ्यावे आणि वर सगळ्या हालचाली निम्म्या गतीने कराव्यात. तीन रात्री नीट झोपून वर जाणे आणि आदल्या दिवशी पाचशे किलोमीटर बसमधून येऊन वर जाणे, यांत हृदयाच्या दृष्टीने फरक आहे.

जिथे आजारी पडायला जागा नाही

वेगाचा सर्वांत मोठा तोटा या सगळ्याहून वेगळा आहे. एका रात्रीच्या मुक्कामाच्या सहलीत कुणालाही थांबता येत नाही. मुंबईत ताप आला तर आपण एक दिवस रजा टाकतो. पुढच्या रात्रीची खोली दुसऱ्या देशात असेल तर रजा कुठे टाकणार? अंगात ताप असला, पोट बिघडले असले, तरी सकाळी बस पकडावीच लागते. ‘माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको’ ही आपल्याकडच्या ज्येष्ठांची सवय. त्यामुळे तक्रार दडवली जाते. छातीतला दाब ‘गॅस’ ठरतो, डाव्या पोटरीची सूज ‘चालून आली असेल’ म्हणून सोडून दिली जाते. हृदयविकारात आणि गुठळीत सुरुवातीचे तास मोलाचे असतात आणि नेमके तेच या संकोचात जातात.

त्याच बसच्या चालकाची स्थिती पाहा. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमांप्रमाणे त्याने एकूण साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती घेतली पाहिजे. दिवसात नऊ तासच गाडी चालवावी, आठवड्यातून फार तर दोनदा दहा. रोज सर्वसाधारणपणे अकरा तासांची सलग विश्रांती त्याला मिळाली पाहिजे. गाडीतले टॅकोग्राफ नावाचे यंत्र हे सगळे नोंदवते आणि नियम मोडला तर दंड होतो. तो थकला तर पन्नास जीव धोक्यात येतात, म्हणून हा कायदा योग्यच आहे. पण मागच्या आसनावर बसलेल्या सत्तर वर्षांच्या मधुमेही बाईंच्या विश्रांतीचा कुणी हिशेब ठेवत नाही. तो त्यांनी, त्यांच्या मुलांनी आणि सहल ठरवणाऱ्यांनी मिळून ठेवायला हवा.

मग वेग किती असावा?

पुढचे ठोकताळे रुग्णांच्या अनुभवावरून आणि वर सांगितलेल्या शरीरशास्त्रावरून बांधलेले आहेत. वय आणि आजार पाहून त्यात फरक करावा.

पहिला, साठीच्या पुढच्यांनी एका जागी किमान तीन रात्री राहावे. पहिली रात्र मेंदूच्या पहाऱ्यात जाते, दुसरी बरी जाते, आणि मधल्या दिवशी बरे वाटत नसेल तर खोलीत पडून राहता येते. तीन रात्री जमत नसतील तर दोनच्या खाली जाऊ नये.

दुसरा, उतरल्याचा दिवस मोकळा ठेवावा. त्या दिवशी दुपारच्या उजेडात थोडे चालावे, स्थानिक वेळेला जेवावे आणि स्थानिक वेळेलाच झोपावे. घड्याळ जुळवण्याचे सर्वांत चांगले औषध म्हणजे दिवसाचा उजेड.

तिसरा, बसमध्ये एकूण चार तासांहून अधिक बसावे लागेल असे दोन दिवस लागोपाठ नसावेत. बसमध्ये दर अर्ध्या तासाने पावले वरखाली करावीत, प्रत्येक थांब्यावर उतरून पाच मिनिटे चालावे आणि पाणी प्यावे.

चौथा, दोन आठवड्यांहून लांब प्रवासात दर आठवड्याला एक दिवस पूर्ण रिकामा हवा. त्या दिवशी कपडे धुवावेत, औषधांची मोजणी करावी, घरी फोन करावा. व्हिएतनाम-कंबोडियासारख्या जवळच्या प्रवासात वेळेचा फरक दीड तासाचाच असतो, पण दमट उकाड्यामुळे हा दिवस तिथेही लागतो.

पाचवा, परतल्यावर कामावर रुजू होण्यापूर्वी दोन दिवस हाताशी ठेवावेत. येताना आपण पूर्वेकडे येतो आणि शरीराला तेच जड जाते.

या हिशेबाने बारा दिवसांत आठ देश होत नाहीत, तीन होतात. पॅरिसला चार रात्री, तिथून थेट रेल्वेने सुमारे चार तासांत झुरिक आणि पुढे लुझर्नला चार रात्री, मग इटलीत एका शहरात तीन. लुझर्नहून डोंगर, तळे, जवळची गावे रोज जाऊन-येऊन पाहता येतात आणि पावसाचा एखादा दिवस सोडून देता येतो.

यावरचा आक्षेप मी रोज ऐकतो आणि तो खोटा नाही. ‘‘आम्ही आयुष्यात एकदाच जाणार, पुन्हा कुठला योग यायचा?’’ शेंगेन व्हिसा एकदा मिळाला की २९ देश उघडतात, विमानाचे भाडे तेवढेच पडते, मग तीनच देश का पाहायचे? पगारदाराची रजाही मोजकी असते. पण ज्याची पुंजी एकाच प्रवासासाठी खर्च होणार आहे, त्याने तर तो शरीराला झेपेल असाच आखायला हवा. नेदरलँड्समध्ये १,५३० प्रौढांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सुट्टीला जाण्यापूर्वी लोक अधिक आनंदी असतात, पण परतल्यावर बहुतेकांचा आनंद घरी राहिलेल्यांइतकाच होता, असे त्यात आढळले. सुट्टी अगदी निवांत गेल्याचे सांगणाऱ्यांचा आनंद तेवढा परतल्यावरही काही दिवस टिकला.

ज्यांना झटपट सहलच करायची आहे त्यांनी पैसे भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. एका हॉटेलात किती रात्री? रोज बसमध्ये किती तास? रोज पायी किती चालणे आणि किती पायऱ्या? एखाद्याला एक दिवस थांबायचे असेल तर सोय काय? सहल कंपन्यांनी ही माहिती आपण होऊन छापावी, अशी या स्तंभातून विनंती आहे. जेवणात जैन पदार्थ मिळतील का, हे जाहिरातीत ठळक छापता येते, तर बसमधले तास छापायलाही अडचण नसावी. एका रात्रीच्या मुक्कामांच्या सहलीबरोबर तोच मार्ग निम्म्या देशांत आणि दुप्पट मुक्कामांत देणारी ज्येष्ठांची सहलही ठेवावी.

आई-बाबांना सहल भेट देणाऱ्या मुलांनीही देशांची संख्या पाहून निवड करू नये. त्यांच्या औषधांची यादी रासायनिक नावांनी लिहून दोघांच्या पिशवीत वेगवेगळी ठेवा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, पण आधीपासूनच्या आजारांबद्दल त्यातल्या अटी काय आहेत, ते वाचा. युरोपीय संघात आणि स्वित्झर्लंडमध्ये ११२ हा तातडीचा क्रमांक आहे, तो त्यांच्या फोनमध्ये साठवून द्या. आणि ‘बरे वाटले नाही तर त्या दिवशी फिरू नका, पैसे वाया गेले तरी चालतील’ हे निघण्यापूर्वी स्पष्ट शब्दांत सांगा. मुलांचा पैसा वाया जाईल या भीतीने आई-वडील फार दुखणी अंगावर काढतात.

शेवटी एक सूचना परतल्यानंतरची. गुठळीचा धोका विमानातून उतरल्यावर संपत नाही, तो काही आठवडे राहतो. एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणे, अचानक धाप लागणे, छातीत कळ येणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालयात या. डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगा, ‘‘मी नुकताच लांबचा प्रवास करून आलो आहे.’’ या एका वाक्याने निदान पुष्कळ लवकर होते.